डिस्चार्जनंतर पेशंट कोणाचा? सिस्टरांच्या एका कामाचा इतिहास

हॉस्पिटलमधून डिस्चार्ज झाला की घरी दोन गोष्टी येतात, पेशंट आणि त्याची फाईल. पेशंटला भेटायला सगळे येतात, फाईल मात्र कपाटावर जाते. मग तिसऱ्या-चौथ्या दिवशी प्रश्न सुरू होतात. बीपीची ही नवीन गोळी जुन्या गोळीऐवजी आहे की तिच्या जोडीला? लघवीची नळी कोण काढणार आणि कधी? पायावरची सूज वाढली आहे, ती आज दाखवायची की पंधरा दिवसांनी फॉलो-अपला? सर्जनना फोन केला तर ते म्हणतात फिजिशियनना विचारा. फिजिशियन म्हणतात, ऑपरेशन त्यांनी केलंय, त्यांनाच विचारा.

माझ्या ओपीडीत असे पेशंट वरचेवर येतात. एका आजोबांना उभं राहिलं की चक्कर येत होती. त्यांच्या पिशवीत बीपीच्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या, वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वेगवेगळ्या नावांच्या. आतलं औषध एकच. एक पट्टी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दिलेली, दुसरी हॉस्पिटलने. दोन्ही चिठ्ठ्या आपापल्या जागी बरोबर होत्या, आणि आजोबा दोन्ही गोळ्या इमानेइतबारे घेत होते. आजोबांचं दुखणं त्या दोन चिठ्ठ्यांच्या मधल्या जागेत होतं.

या मधल्या जागेकडे लक्ष द्यायचं कोणी? वैद्यकाच्या इतिहासात या प्रश्नाचं उत्तर पुन्हा पुन्हा एकच मिळालेलं दिसतं, ते म्हणजे शिकलेली, नोंदणी असलेली नर्स. गंमत अशी की प्रत्येक पिढीला ते नव्याने शोधावं लागलं, कारण मधल्या काळात ते विसरलं जात होतं.

पुढे जाण्याआधी एक खुलासा करतो. रजिस्टर्ड नर्स म्हणजे जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंगचं शिक्षण पूर्ण करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी केलेली व्यक्ती. ब्युरोतून घरी येणाऱ्या मावशी पेशंटची मनापासून सेवा करतात, त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. पण त्यांचं काम वेगळं आणि मी सांगतोय ते वेगळं.

सुरुवात इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात करू. तिथले श्रीमंत व्यापारी विल्यम रॅथबोन यांची पत्नी १८५९ मध्ये वारली. शेवटच्या आजारपणात मेरी रॉबिन्सन नावाच्या नर्सने तिची शुश्रूषा केली होती. रॅथबोन यांच्या मनात आलं, पैसा असूनही आपल्याला या बाईचा एवढा आधार वाटला, मग ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांचं काय होत असेल? त्यांनी मेरी रॉबिन्सनला तीन महिन्यांसाठी नेमलं. काम एवढंच की गरीब वस्तीत जायचं, आजारी माणसांची घरी शुश्रूषा करायची आणि घरच्यांना ती शिकवायची. एका महिन्यातच ती रडत परत आली. एवढं दैन्य बघवत नाही, मला यातून मोकळं करा, म्हणाली. रॅथबोननी तिची समजूत घालून तिला पुन्हा पाठवलं. तीन महिने संपले तेव्हा तिलाच ते काम सोडवेना.

रॅथबोननी मग फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना पत्र लिहिलं. शिकलेल्या नर्स मिळतच नव्हत्या, तेव्हा त्यांच्या सल्ल्याने लिव्हरपूलमध्येच प्रशिक्षणाची शाळा काढली गेली. शहराचे अठरा भाग पाडून भागाभागात नर्सची सोय झाली. 'डिस्ट्रिक्ट नर्स' ही कल्पना इथून वाढली.

नाइटिंगेल म्हटलं की आपल्याला हातात दिवा घेतलेली बाई आठवते. मला मात्र त्यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' या छोट्या पुस्तकातलं व्यवस्थापनावरचं प्रकरण जास्त मोलाचं वाटतं. त्यातल्या म्हणण्याचा मथितार्थ असा: तुम्ही समोर असताना पेशंटची उत्तम काळजी घेतलीत, हे चांगलंच, पण तुम्ही तिथे नसताना तेच काम होईल अशी तजवीज तुम्ही केली आहे का? नसेल, तर तुमच्या सगळ्या मेहनतीवर पाणी पडू शकतं. आज ज्याला 'केअर कोऑर्डिनेशन' असं भारदस्त नाव आहे, ते सगळं या एका प्रश्नात आलं. रात्रपाळीच्या सिस्टर दिवसपाळीच्या सिस्टरना प्रत्येक बेडपाशी उभ्या राहून माहिती देतात ना, तो 'हँडओव्हर' म्हणजे याच प्रश्नाचं रोजचं उत्तर.

१८७६ मध्ये त्यांनी आणखी पुढचं सांगितलं. घरोघर जाणारी नर्स हॉस्पिटलमधल्या नर्सपेक्षाही जास्त शिकलेली हवी, कारण तिच्या हाताशी हॉस्पिटलची साधनं नसतात, आणि डॉक्टरला पेशंटची खबर देणारं तिच्याशिवाय दुसरं कोणी नसतं. आजही अनेकांना उलटंच वाटतं, की हुशार नर्स आयसीयूत हवी, घरी काय कोणीही चालेल.

आता अटलांटिकच्या पलीकडे, न्यूयॉर्कला जाऊ. १८९३ साली लिलियन वॉल्ड ही पंचविशीतली नर्स शहरातल्या स्थलांतरितांच्या वस्तीत बायकांना घरच्या शुश्रूषेचे धडे देत होती. एके दिवशी एक लहान मुलगी तिला बोलवायला आली. वॉल्ड तिच्यामागून गल्लीबोळांतून एका कोंदट खोलीत पोहोचली, तर मुलीची आई बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावाने दोन दिवस अंथरुणात पडून होती. फी देता येत नाही म्हणून डॉक्टर निघून गेला होता. वॉल्ड तेव्हा डॉक्टर होण्यासाठी मेडिकल कॉलेजात शिकत होती. त्या दिवसानंतर तिने ते शिक्षण सोडलं आणि मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीबरोबर त्याच वस्तीत राहायला गेली. पुढे हेन्री स्ट्रीटवर तिची संस्था उभी राहिली. तिथल्या नर्सना घरचं कोणीही थेट बोलावू शकत असे, डॉक्टरची चिठ्ठी लागत नसे. कोणता पेशंट घरी ठेवायचा, कोणाला हॉस्पिटलात पोहोचवायचं, दवाखान्यात कोणत्या दिवशी न्यायचं, दुधाची किंवा कोळशाची मदत कुठून मिळवायची, हे सगळं त्या बघत.

याच संस्थेची एक गोष्ट मी पालकांना हमखास सांगतो. न्यूयॉर्कच्या शाळांत तेव्हा डॉक्टर मुलांना तपासत आणि खुपरी, खरूज, उवा असं काही आढळलं की चिठ्ठी देऊन घरी पाठवत. निदान बरोबर, नियमही बरोबर. पण पुष्कळ आयांना ती चिठ्ठी वाचताच येत नसे. मुलाला औषध मिळत नसे, ते महिनोन् महिने शाळेबाहेर राही आणि संध्याकाळी त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळे. १९०२ च्या ऑक्टोबरमध्ये वॉल्डने लायना रॉजर्स ही आपली एक नर्स महिनाभरासाठी चार शाळांना दिली. ती शाळेतच मलम लावी, उरलेल्या वेळात घरी जाऊन आईला समजावी, आणि मूल परत वर्गात बसलं की नाही ते बघे. प्रयोग पुढे वाढवला गेला. १९०२ च्या सप्टेंबरमध्ये साडेदहा हजारांवर मुलांना आजारामुळे घरी पाठवलं होतं, वर्षभराने त्याच महिन्यात हा आकडा अकराशेवर आला. नवं औषध काहीच निघालं नव्हतं. चिठ्ठी आणि घर यांच्यामध्ये एक माणूस उभं राहिलं होतं.

त्याच सुमारास बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये डॉ. रिचर्ड कॅबट ओपीडीत बसत. त्यांना जाणवलं की आपण दिवसभर अशक्य गोष्टी लिहून देतोय. बारा तास राबणाऱ्याला विश्रांती, आणि ज्याला दोन वेळचं नीट मिळत नाही त्याला सकस आहार. पेशंटच्या घरी काय चालतं ते कळल्याशिवाय निदानही अर्धवट आणि उपचारही अर्धवट, असं त्यांचं मत झालं. १९०५ मध्ये त्यांनी गार्नेट पेल्टन या नर्सला ओपीडीच्या व्हरांड्यातल्या एका कोपऱ्यात टेबल देऊन बसवलं. पगार हॉस्पिटलचा नव्हता, कॅबट पदरचा देत. पेल्टनला थोड्याच काळात क्षय झाला आणि काम सोडावं लागलं. मग आयडा कॅनन आली, तीही शिक्षणाने नर्सच, आणि तिने १९४५ पर्यंत ते काम वाढवलं. या कामातून 'मेडिकल सोशल वर्कर' हा स्वतंत्र पेशा उभा राहिला. आपल्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलांत समाजसेवा अधीक्षकांचं कार्यालय असतं, त्याची पाळंमुळं या व्हरांड्यातल्या टेबलापर्यंत जातात.

पैशाचं गणितही लवकरच लोकांच्या लक्षात आलं. १९०९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने वॉल्डच्या सांगण्यावरून आपल्या पॉलिसीधारकांच्या घरी नर्स पाठवायला सुरुवात केली. पेशंट जगला तर कंपनीचा क्लेम वाचतो, इतका साधा हिशेब. ही सेवा देशभर पसरली आणि १९५३ मध्ये बंद झाली. तोपर्यंत अँटिबायोटिक आली होती, हॉस्पिटलं मोठी आणि भरवशाची झाली होती, आजारपण घरातून वॉर्डात गेलं होतं. आता घरी नर्स कशाला, असं सगळ्यांनाच वाटलं. माझ्या मते गडबड इथे झाली. आजाराचा मधला भाग हॉस्पिटलात गेला, पण पुढचा भाग अजून घरीच होता.

काही जणींना ते दिसत होतं. लिडिया हॉल या नर्सने १९६३ मध्ये न्यूयॉर्कच्या माँटेफिओर हॉस्पिटलशी जोडून लोब सेंटर सुरू केलं. आजाराचा जोर ओसरलाय पण घरी जायची तयारी नाही, अशांसाठी ते होतं आणि तिथला सगळा कारभार नर्सच्या हाती होता. थोडक्यात, हॉस्पिटल आणि घर यांच्यामधला पूल. असे पूल फार बांधले गेले नाहीत.

मग १९८३ साल आलं. अमेरिकन सरकारने वृद्धांच्या आरोग्य योजनेत हॉस्पिटलांना दिवसागणिक खर्च देणं थांबवून आजारागणिक ठरावीक रक्कम द्यायला सुरुवात केली. पेशंट लवकर घरी गेला तर हॉस्पिटलचा फायदा. आपल्याकडच्या पॅकेज पद्धतीसारखंच म्हणा ना. पेशंट लवकर आणि जरा कच्चेच घरी जाऊ लागले. त्यामुळे मधली जागा पुन्हा सर्वांच्या डोळ्यांत आली.

फिलाडेल्फियात डोरोथी ब्रूटन आणि सहकाऱ्यांनी हा प्रश्न सगळ्यात नाजूक पेशंटवर तपासला. दीड किलो किंवा त्याहून कमी वजनाची ७९ बाळं त्यांनी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. एका गटाला नेहमीप्रमाणे ठरलेलं वजन भरल्यावर घरी सोडलं. दुसऱ्या गटातल्या बाळांची तब्येत स्थिर होताच त्यांना सोडलं, पण आधी आईला सगळं शिकवून, आणि नंतर तज्ज्ञ नर्सच्या घरभेटी व फोन ठेवून. ही बाळं सरासरी ११ दिवस आधी घरी गेली. पुन्हा ॲडमिट होण्याचं किंवा वाढीचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, खर्च बराच वाचला. १९८६ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

त्याच विद्यापीठातल्या मेरी नेलर यांनी दुसऱ्या टोकाचे पेशंट घेतले. पासष्टीच्या पुढचे ३६३ जण, पुन्हा ॲडमिट व्हायची शक्यता जास्त असलेले. निम्म्यांना एक अनुभवी, उच्चशिक्षित नर्स ठरवून दिली. ती हॉस्पिटलमध्येच पेशंटला भेटे, डिस्चार्जची आखणी करी, मग चार आठवडे घरी भेटी आणि फोन, आणि गरज पडली की थेट डॉक्टरशी बोले. १९९९ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांत नेहमीच्या गटातले ३७ टक्के पेशंट पुन्हा ॲडमिट झाले होते, नर्स असलेल्या गटातले २० टक्के. एखाद्या गोळीने एवढा फरक पडला असता, तर तिची जाहिरात तुम्ही रोज पाहिली असती.

तुम्ही विचाराल, आपल्याकडे काय झालं? त्याच काळात आपली लढाई आणखी मागच्या पायरीवर होती. बाईने परक्या पुरुषाची शुश्रूषा करायची, हेच समाजाला मान्य नव्हतं. १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं आणि ससून हॉस्पिटलच्या मदतीने मुलींना नर्सिंगचं शिक्षण द्यायला सुरुवात केली. त्यात अनेक तरुण विधवा होत्या. त्या काळी त्यांना आणि रमाबाईंना काय काय ऐकावं लागलं असेल, त्याची कल्पना करून बघा. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालानुसार देशात सुमारे ४३ हजार लोकांमागे एक नर्स होती. एवढ्या नर्स वॉर्डालाच पुरत नव्हत्या, घरी कोण जाणार? त्यामुळे आपण नर्सिंगचा हॉस्पिटलातला अर्धा भाग उचलला आणि घरचा अर्धा भाग सून, मुलगी, बायको यांच्यावर सोडला. अगदी न शिकवता.

गावपातळीवर एएनएम ताई घरोघर जातात, पण त्यांच्या वाट्याला बाळंतपणं, लसीकरण, कुटुंबनियोजन अशी कामं असतात. लकवा होऊन शहरातून परतलेल्या माणसाची फाईल त्यांच्यापर्यंत सहसा पोहोचत नाही.

एक लखलखीत अपवाद मात्र आपल्याच राज्यातला आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवलं. ३९ गावांतल्या त्या प्रयोगात तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. हा अभ्यासही १९९९ सालचाच. त्या बायका रजिस्टर्ड नर्स नव्हत्या, हे खरं. आजारी बाळ पुढे पाठवण्याचा सल्लाही पुष्कळ घरांत नाकारला जाई. पण ठरलेल्या माणसाने, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या गोष्टी बघायला घरी जायचं, हे तत्त्व तेच. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येतात ते त्यातूनच आलं. बायपास झालेल्या आजोबांसाठी असा तिसरा, सातवा, चौदावा दिवस अजून कोणी ठरवलेला नाही.

म्हणून तोपर्यंत तुम्ही काय करू शकता ते सांगतो. डिस्चार्जच्या दिवशी घरच्यांची सगळी धावपळ बिलाच्या खिडकीवर चालते. ती एकाने करावी आणि दुसऱ्याने वॉर्डच्या सिस्टरजवळ बसावं. घरच्या सगळ्या जुन्या गोळ्या पट्ट्यांसकट घेऊन या आणि सिस्टरना म्हणा, यातलं काय चालू ठेवायचं आणि काय बंद, ते मला सांगा. त्यांना शंका आली तर त्या स्वतः डॉक्टरांना विचारतात, आणि त्यांचा प्रश्न डॉक्टर तुमच्या प्रश्नापेक्षा लवकर मनावर घेतात, हे मी डॉक्टर म्हणूनच सांगतोय. इन्सुलिनचं इंजेक्शन, नळीची पिशवी रिकामी करणं, ड्रेसिंग, जे काही घरी करायचं असेल ते त्यांच्यासमोर तुमच्या हाताने एकदा करून दाखवा. "समजलं का?" या प्रश्नावर आपण सगळेच मान डोलावतो, हात मात्र खोटं बोलत नाहीत. कोणते रिपोर्ट अजून यायचे आहेत आणि ते कोण बघणार, हे लिहून घ्या. कोणत्या त्रासासाठी थांबायचं नाही, तेही लिहून घ्या. हार्ट फेल्युअरच्या पेशंटचं वजन दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ते जेवणाने नसतं, अंगात पाणी साठतंय. ही एक ओळ माहीत असली तरी पुष्कळदा पुढची ॲडमिशन टळते.

आणि रात्री-अपरात्री कोणाला फोन करायचा ते विचारा. नंबर नुसता हॉस्पिटलचा नको. कोणाला मागायचं, तेही हवं. सिस्टर कामाच्या गर्दीत असतात, एकेकीकडे खूप पेशंट असतात, तेव्हा डिस्चार्जच्या शेवटच्या दहा मिनिटांत हे सगळं मागू नका. आदल्या दिवशी संध्याकाळी "उद्या थोडा वेळ द्याल का?" असं विचारून ठेवा. बहुतेक जणी आनंदाने देतात.

काही हॉस्पिटलांतून आता डिस्चार्जनंतर दोन-तीन दिवसांनी सिस्टरचा फोन येतो. तो आला की "सगळं ठीक आहे" म्हणून ठेवून देऊ नका. फाईल कपाटावरून खाली काढा, पेशंटच्या शेजारी बसा आणि ताप, सूज, जेवण, शौच, झोप आणि कोणती गोळी कधी दिली, हे एकेक करून सांगा.